बावीस धवल्यांची बॅटरी

सारसोळ्याहून दिवाळ्याला किती लांब, असं करावे गावच्या धोंडूबाई तांडेलला विचारून बघा. ती बेधडक सांगेल, “बारा धवले.” घरापासून दारावं दोन धवले, सारसोळं पाच, दिवाळं सात. किलोमीटर तिला कळतो, पण पटत नाही. “किलोमीटर कुनी डोल्यानी बगलाय? धवला मी माजे तोंडानं म्हनतंय,” असं तिचं म्हणणं, आणि त्यावर वाद घालून जिंकेल असा माणूस अजून नवी मुंबईत राहायला आलेला नाही.

धोंडूबाई धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजी येतो तो मंगळाष्टकांपुरता. त्याआधीचा मांडव, हळद, तेल, देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना द्यायचं आवतण, हे सगळं धवलारणीच्या गाण्यावर चालतं. ती ओळ टाकते, मागच्या बायका ती उचलतात, आणि मग पुढचं पान हलतं. त्या गाण्याला म्हणायचं धवला. धोंडूबाईचं वय बासष्ट, वजन अठ्ठ्याहत्तर किलो, आणि या खाडीकाठच्या निम्म्या नवऱ्या तिच्याच आवाजावर पाटावर बसलेल्या. कोणत्या घरातलं कोण कधी गेलं, ही सगळी यादी तिच्या डोक्यात आहे. कागदावर ती कधी उतरली नाही, कारण धोंडूबाई लिहायला शिकली नाही आणि विसरायलाही.

अडचण एकच होती. तिथी आली की सगळ्या गावांत एकाच दिवशी हळदी. गल्लीगल्लीत बँजो, टेम्पो, मांडव, आणि नाचणाऱ्यांची कोंडी. रिक्षावाला गावाच्या तोंडाशीच हात वर करणार. पुढचं धोंडूबाईने चालायचं, आणि तिच्या डाव्या गुडघ्याने चालण्याच्या कामातून केव्हाच अंग काढून घेतलं होतं.

गेल्या माघात व्हायचं ते झालंच. सारसोळ्याच्या एका हळदीला ती पाऊण तास उशिरा पोचली. गल्लीत वळली तर मांडवातून धवला ऐकू येतोय! कोण ही भवानी माझ्या जागेवर गातेय, म्हणून ती तरातरा निघाली, आणि चार पावलांत थबकली. आवाज तिचाच होता. डीजे मितेशने कुठल्यातरी लग्नात तिचं आवतण फोनवर भरून घेतलं होतं आणि आता पेन ड्राइव्हवरून लावलं होतं.

“मावशी, तुमी आरामात यायचं,” मितेश लाडाने म्हणाला. “माझा पेन ड्राइव्ह कधी लेट होत नाय. नो टेन्शन.”

धोंडूबाईने कान दिला आणि कपाळाला हात लावला. रेकॉर्डिंग होतं शिरवण्याच्या भोईरांच्या घरचं. “जल्लं तुजं टेन्शन!” ती मांडवात गरजली. “मडवींचे घरान लगीन, आन आवतान भोईरांचे मेलेल्यांना! आता ते सगले इकरं येतील, त्यांना जेवायला कोन वाढेल? तू?”

मांडव खो खो हसला. हसली नाही ती धोंडूबाई. तिला भीती वाटली होती. आपला आवाज आपल्याशिवाय चालतो, हे तिला पहिल्यांदाच कळलं होतं.

त्याच आठवड्यात तिने सुनेच्या पलंगाखाली झाडू घातला, आणि चाकांची फळी बाहेर आली.

सून अर्पिता साताऱ्याकडची. ऐरोलीला कंपनीत कामाला. स्टेशन ते ऑफिस ही पायपीट वाचावी म्हणून तिने हौसेने इलेक्ट्रिक स्केटबोर्ड घेतला होता. खोक्यावर लिहिलं होतं, एका चार्जात वीस किलोमीटर. अर्पिता पहिल्या दिवशी चारशे मीटर गेली, दुसऱ्या दिवशी गतिरोधक आला, आणि तिसऱ्या दिवसापासून सहा आठवडे मनगटाला प्लास्टर. तेव्हापासून फळी पलंगाखाली. मुलगा भावेश न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात शिफ्ट करतो. त्याने ती फळी विकायची म्हणून तीनदा फोटो काढले होते आणि तीनदा विसरला होता.

“अर्पिते, यावं उभं कसं रायचं?”

“आई, प्लीज. तुमचा गुडघा आहे.”

“गुरगा चालायला नको बोलतो. उभं रायला त्याची ना नाय.”

आता ऐका. धोंडूबाई पोरवयात मिठागरावर कामाला होती. वीतभर रुंद बांध, दोन्ही बाजूंना पाणी, डोक्यावर ओल्या मिठाची पाटी, आणि त्या बांधावरून दिवसाला दोनशे फेऱ्या. तिला तोल शिकवायला निघालेली अर्पिता स्वतःच तोंडात बोट घालून बघत राहिली. काष्टा मारलेलं लुगडं, अंबाड्यावर कसंबसं बसवलेलं हेल्मेट, पायात नेहमीच्या चपला, मुठीत फळीचा रिमोट. गावच्या तळ्याभोवती पहाटे दोन फेऱ्या सुनेचा हात धरून, तिसरी फेरी नुसता पदर धरून, आणि चौथ्या फेरीला सून मागे धापा टाकतेय आणि सासू वळणाआड!

“आई, ब्रेक! खालच्या बाजूला अंगठा दाबा!”

“दाबला होता गो! मजा येते म्हनून सोरला!”

आनंद म्हणजे काय, हे त्या दिवशी करावेकरांना तळ्याच्या काठावर फुकटात बघायला मिळालं. कपडे धुणाऱ्या बायका धुणं विसरल्या. एका आजोबांनी तर देवीचीच स्वारी समजून हात जोडले, आणि धोंडूबाईनेही जाता जाता त्यांना आशीर्वाद देऊन टाकला.

प्रश्न उरला बॅटरीचा. फळीच्या पोटाशी चार बारीक दिवे. चारही लागले की पोट भरलेलं, एक उरला की उपाशी. ते बघायचे तर वाकायला हवं, आणि वाकायचं तर पुन्हा तोच गुडघा. शिवाय खोक्यावरच्या वीस किलोमीटरवर अर्पिताचाच विश्वास नव्हता.

“ते वीस असतात ना आई, ते कंपनीचे. साठ किलोचा माणूस, सपाट रस्ता, वारा नाही, आणि एकदम स्लो.”

“साठ किलोचा मानूस, त्याला वारा नाय, चढ नाय, घाय नाय,” धोंडूबाई म्हणाली. “मंग त्याला जायचं तरी कुटं हाय?”

तेव्हा धोंडूबाईने स्वतःचं माप काढलं. फळी भरपूर चार्ज केली, तळ्याला चकरा सुरू केल्या, आणि तोंडाने आवतणाचे धवले. एक चक्कर, एक धवला. अर्पिता काठावर बसून खडे मांडत होती. तेविसाव्याच्या पहिल्याच ओळीला फळी मान टाकून उभी राहिली. “बावीस!” धोंडूबाईने जाहीर केलं. अर्पिताने फोनवर गुणाकार केला, साधारण तेरा किलोमीटर. पण तो आकडा त्या घरात पुन्हा कुणी उच्चारला नाही. सूनसुद्धा फोनवरून विचारायला लागली, “आई, किती धवले उरलेत?”

मग काय, चैत्रापासून नुसती धमाल. दाराव्याला हळद, धोंडूबाई हजर. नेरूळला मांडव, धोंडूबाई हजर. बँजोच्या गर्दीत लोक बाजूला सरायचे, मधून ही बाई ताठ उभी, गात गात, एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हातात नारळाची पिशवी, अशी सरळ मांडवाच्या खांबापर्यंत. नवरा-नवरीला सोडून फोटोवाले हिच्या मागे. मितेशचा पेन ड्राइव्ह त्या महिन्यात खिशातून निघाला नाही.

दिवाळ्याची दुर्गाबाई वैशाखात स्वतः चालत घरी आली. तिची लेक ईश्वरी, तिची हळद. दुर्गाबाईचा नवरा विलास मागच्या भादव्यात गेला होता. होडीवरून येऊन जेवून झोपला, तो उठलाच नाही. आवतणात घरातल्या गेलेल्यांची नावं घेतली जातात आणि नाव घेतलं की तो माणूस मांडवात येऊन बसतो, हे त्या घरात सगळे मानतात. विलासचं नाव अजून एकदाही घेतलं गेलं नव्हतं. त्यानंतर घरात पहिलं कार्य हेच.

“आक्का, त्याला लेकीची हलद बगायची होती,” दुर्गाबाई एवढंच बोलली. “मितेशचे डब्यान त्याचं नाव नाय. तूच पायजेस.”

“साडेचारला मी उभी हाय बग मांडवान,” धोंडूबाईने तिचा हात दाबला. “मरन आला तरी त्याला बाजूला उभा करीन.”

आणि नेमकी त्याच दिवशी दुपारी सारसोळ्याला एका नवरीला तेल लावायचं, तेलवण! पण धोंडूबाईने मोजलं. घरून सारसोळं पाच, सारसोळ्याहून दिवाळं बारा, झाले सतरा. बावीसातून पाच उरतात. अगदी आरामात. चार्जर घेऊन जा म्हणून अर्पिताने सकाळी दोनदा सांगितलं, तर म्हणे, “ओझं कशाला? हिशेब पक्का हाय.”

हिशेब पक्काच होता. त्यात चूक एवढीच, की तळ्याभोवती धोंडूबाईने गायले होते आवतणाचे धवले. ते संथ. देवांना कुणी घाईने बोलावत नाही. आणि त्या दिवशी सारसोळ्यात तेलवण अशी काही रंगली, नवरीच्या आत्याने अशी काही फुगडी घातली, वर श्रीखंडाच्या तीन वाट्या, की साडेतीनला फळीवर पाय ठेवताना तिच्या तोंडी हळदीचं दळणाचं गाणं आलं.

“दल गो दल हलद, जातां गरगर फिरव,
नवऱ्याचे मावशीला हलदीन बुरव!”

धोंडूबाईचा अंगठा तिच्या तोंडाचा गुलाम. गाणं पळालं की अंगठा पळतो, अंगठा पळाला की फळी पळते. पाम बीचच्या कडेने, खाडीचा वारा तोंडावर घेत, धोंडूबाई अशी काही सुटली की सायकलवाले मागे पडले. एक कुत्रं हौसेने शर्यतीला आलं आणि लाजून परत गेलं. तिने स्वतःच्या पायाखाली इतका वेग कधी पाहिला नव्हता. ती मोठ्याने हसत होती, गात होती, आणि मधूनच एकटीच “हुर्र्र” करत होती. एक धवला, दोन, पाच, सात. करावं मागे गेलं. आपल्या घराकडे तिने नुसता हात हलवला.

तेवढ्यात फळी ओरडली. बीप, बीप, बीप.

मोजून बाराच धवले झालेले, दहा शिल्लक असायला हवेत! समोरून एक गृहस्थ चालायला निघालेले येत होते, पायात पांढरे बूट. नाव नंदकुमार, हे त्यांनी नंतर आपणहून सांगितलं. “दादा, जरा वाकून बगा, किती दिवे हायत?”

“एकच आहे ताई. तोही मिचमिचतोय.”

तिने अर्पिताला फोन लावला. अर्पिता मीटिंगमधून कुजबुजली, “आई, गाणं कोणतं म्हणत होतात?”

“दलनाचं.”

“अहो आई! स्पीडने दुप्पट खाते बॅटरी! आता एकदम हळू जा. चालण्याच्या स्पीडने. मग जाल कदाचित. किती राहिलंय?”

“पाच धवले.”

“जाल. पण हळू!”

घड्याळात पावणेचार. नंदकुमारांनी तत्परतेने टॅक्सी बोलवायला घेतली. ती अठरा मिनिटांवर आहे म्हणाली आणि लगेच रद्द झाली. रिक्षा तर तिथीला कुत्र्यालाही विचारत नाही. दुर्गाबाईला फोन केला, तिकडे बँजोत कुणाला ऐकू येतोय! धोंडूबाईने गाणं बंद ठेवून अंगठा हळूच दाबून बघितला, तर तोलच जायला लागला. बिनागाण्याची ती त्या फळीवर कधी उभीच राहिली नव्हती. हळू जायचं तर हळू गायला हवं, आणि तिच्याजवळ सगळ्यात हळू होतं ते आवतण. तळ्याकाठी गायली होती त्याहूनही हळू गायला हवं होतं.

मग तिने ठरवलं. मांडवात जाऊन गायचं ते इथूनच सुरू करायचं. देवांना काय, रस्त्यावरून हाक मारली तरी ऐकू जातं.

“उतर गो गावदेवी, पायरी पायरी,
बाय बसली पाटावं, हलद वाटीन भरी.”

एकेक अक्षर तिने भाकरी थापावी तसं सावकाश थापलं. फळी मुंगीच्या पावलाने निघाली. नंदकुमार शेजारून चालतच होते, मागे हात बांधून, पूर्ण गंभीर. करावेची गावदेवी बोलावून झाली. खाडी बोलावली, बेलापूरच्या किल्ल्याचा देव बोलावला, वाटेतला पिंपळ बोलावला. एरवी ज्यांना ती तोंडदेखलं म्हणून जायची त्या सगळ्या देवांना त्या दिवशी नीट, मानाने, थांबून थांबून आवतण गेलं. फळी मिचमिचत राहिली, पण चालत राहिली. बेलापूरचे ऑफिसवाले रस्ता ओलांडताना थांबून बघत होते. नंदकुमार त्यांना हाताने बाजूला सारत होते.

दिवाळ्याच्या गल्लीचं तोंड आलं. तिथे थोडा चढ, आणि चढावर फळी बसली. पुन्हा बीपसुद्धा नाही. मांडव तीनशे पावलांवर. साडेचारला दोन मिनिटं कमी. आणि वरून कर्ण्यातून मितेशचा आवाज, “हॅलो, चेक, चेक. दुर्गामावशी, टाइम झाला हां. मला आठला पुढचा प्रोग्राम हाय. आवतन लावतो.”

धोंडूबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तीनशे पावलं म्हणजे तिच्या गुडघ्याला दहा मिनिटं. तोवर कुणा भोईराचे आजे-पणजे येऊन विलासच्या जागी बसणार. तिने फळी नंदकुमारांच्या हातात कोंबली, पोटापासून श्वास घेतला आणि धवल्याची पुढची ओळ अशी फेकली की कौलावरचे कावळे उडाले.

पहिल्याच घराच्या ओट्यावर सरस्वती म्हातारी सुकट निवडत होती. धवलारणीची ओळ कानावर आली की ती खाली पडू द्यायची नाही, हे या बायकांच्या हाडात मुरलेलं. कुणाचं लग्न, कुठे लग्न, काही न विचारता तिने ओळ उचलली. तिचं ऐकून समोरच्या खिडकीतलीने उचलली. मग नळावरच्या दोघींनी. ओळ घराघरातून वर चढत गेली. धोंडूबाई लंगडत खाली, आणि तिचं आवतण तिच्या पुढे धावत मांडवात पोचलं! मांडवातल्या पन्नास-साठ बायका उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते असं काही घेतलं, की मितेशने बटण दाबलं की नाही हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

देव संपले. “आता घरचे या,” ही ओळ गल्लीभर फिरली, आणि एकदम सगळं गप्प झालं. कारण इथून पुढे नावं, आणि नावं फक्त धोंडूबाईकडे. बँजोवाल्यांनी हात आवरले. अख्खा मांडव गल्लीकडे तोंड करून उभा राहिला. नुसत्या तिच्या चपलांचा आवाज येत होता, एक पाय सरळ, एक फरफटत. कुणी घाई केली नाही. मितेशने तर स्वतःची खुर्ची उचलून आणली. ती बसली नाही. हेल्मेटसुद्धा काढलं नाही. पाटावर बसलेल्या ईश्वरीपुढे ती उभी राहिली आणि एकेक नाव घ्यायला लागली.

नाव आलं की घरच्या वडीलधाऱ्याने त्यांच्या वतीने “आले” म्हणायचं. विलासचे थोरले भाऊ दादू होते. पणज्याचं नाव आलं. “आले.” आज्याचं. “आले.” आजीचं. “आले हो.”

“विलास,” धोंडूबाई म्हणाली.

दादूचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पाठचा भाऊ. दुर्गाबाईने पदर तोंडात कोंबला. आणि पाटावरून, होडी दिसल्यावर धक्क्यावरून हाक मारावी तशी, ईश्वरी ओरडली, “आले! पप्पा आले!”

रडावं की हसावं कुणाला कळेना. पण बायकांच्या कानावर ओळ पडली होती, आणि पडलेली ओळ त्या उचलणारच. “आले, पप्पा आले,” साठ जणींनी म्हटलं. मांडवाबाहेरच्यांनी म्हटलं. गल्लीतल्यांनी म्हटलं. खाली सुकटीपाशी सरस्वती म्हातारीनेही म्हटलं, कुणाचे पप्पा ते न विचारता. दुर्गाबाई रडता रडता हसायला लागली आणि मग थांबेचना. धवल्यात अशी ओळ नाही. चाळीस वर्षांत धोंडूबाईने त्यात कुणाला एक अक्षर घालू दिलं नव्हतं. तिने ईश्वरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती ओळ सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हटली.